शकुंतला कुणाची?

प्रश्न : आमचं दारव्हा मोतीबाग स्टेशन आता सुनं पडलंय. तिथून जायची ती 'शकुंतला' गाडी रेल्वेची की इंग्रज कंपनीची?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : गाडी चालवायची रेल्वे, मार्ग मात्र किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने उभारलेला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, दोन रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मुंबईला पोचवायचा, म्हणून हा खटाटोप. मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनाने तिला १९९४ पर्यंत ओढलं, मग डिझेल आलं.

लहानपणी मावशीकडे जाताना पाहिलंय : फाटक आलं की गाडी थांबे. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की उघडी आणि धावत येऊन चढे. तिकीटही गार्डच फाडायचा. घाई असलेला सरळ एसटी धरायचा!