फिल्म आधी, मग बूट

बाळा,

तुझा मेसेज आईनं मला पाठवला, म्हणून मराठीतच लिहितोय. अडलं तर तिला विचार. एनएफएलनं, अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगनं, बोलावलं नाही, छताखाली खेळल्या जाणाऱ्या इनडोअर फुटबॉलचा करार आलाय, जाऊ की नोकरी धरू? ते मी ठरवणार नाही. नऊ मोसम मी असल्याच एका संघात पोरांचे घोटे टेपनं बांधले. माझा कल कुठं आहे ते तुझे बाबा तोंडभरून सांगतील.

मी एकच सांगतो. गेलास तर फिल्म घे, म्हणजे तुझ्या खेळाचं रेकॉर्डिंग. प्रत्येक सामन्याची, त्याच रात्री, स्वतःच्या ड्राइव्हवर.

कर्ट वॉर्नरचं नाव काढू नकोस. आयोवात रात्री किराणा दुकानाच्या फळ्या भरणारा पोरगा, बार्नस्टॉर्मर्स या इनडोअर संघाकडून तीन मोसम, आणि जानेवारी 2000 मध्ये सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू. पाठ आहे मला. सू सिटीच्या इनडोअर संघातून पुढं एनएफएलच्या बफेलो बिल्सला पोचलेला फ्रेड जॅक्सनही पाठ आहे. अशी नावं मोजकीच, म्हणून तर ती सगळ्यांना पाठ आहेत.

बाकीच्यांचं मैदान मी पाहिलंय. खाली हॉकीचा बर्फ, त्यावर फळ्या, फळ्यांवर टर्फच्या गुंडाळ्या. दोन गुंडाळ्यांच्या जोडात बूट अडकला की गुडघा गेलाच. पन्नास यार्डांत सोळा जण, आणि कडेला रेषेच्या जागी गादी लावलेला कठडा. तिथं आपटून परत उभा राहणारा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा गडी, मला आजही कुणाहीपेक्षा मोठा वाटतो.

पण संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटला तसं वाटत नाही. इनडोअरमध्ये स्नॅपच्या आधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधीच, रिसीव्हर पुढं धावत येऊ शकतो, एनएफएलमध्ये ते चालत नाही. त्यामुळे तुझे दहा टचडाउन तो बघेल आणि म्हणेल, पळत आला होता की. तू रेषेवर जागच्या जागी उभा राहून समोरच्याला चकवलंस, ते पाच-सहा प्ले, म्हणजे डाव, वेगळे काढ. म्हणजे पुन्हा तेच. फिल्म!

संघ टिकेल असं धरून चालू नकोस. अरीना फुटबॉल लीगनं 2009 चा मोसम रद्द केला, 2019 मध्ये दिवाळं काढलं, आणि 2024 मध्ये पुन्हा उभी राहिली तर काही आठवड्यांतच संघ गळू लागले.

आमचाही गळाला. माझे शेवटचे दोन चेक आलेच नाहीत, ते सोड. एक रिसीव्हर होता, तुझ्याच उंचीचा. कॅनडातल्या एका संघानं त्याच्याकडे फिल्म मागितली होती. ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, आणि ऑफिसची किल्ली माझ्या खिशात. रात्री अकराला त्याचा फोन आला. बाहेर बर्फ पडत होता. म्हटलं, सकाळी बघू. सकाळी कुलूप बदललेलं.

आता मला सांग, मालकाचं ऑफिस रात्री उघडायला मी काय चोर होतो? कुणालाही विचार, असं कुणी करत नाही. आणि फिल्म गेली असती तरी त्याला घेतलं असतं कशावरून? तो नंतर ट्रक चालवायला लागला. दिवाळीला मी फोन करतो. दिवाळी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही, पण उचलतो. फिल्मचा विषय दोघंही काढत नाही.

तुझ्या आईकडे तीन पेनड्राइव्ह पाठवलेत. एक बॅगेत ठेव, एक गाडीत, एक तिच्याकडेच राहू दे. टेपचे दोन रोलही आहेत. संघाकडून मिळणारा घामानं सुटतो.

काका