बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर जीव्हीएचडी होऊ नये म्हणून घरच्यांनी काय काळजी घ्यावी? इम्युनिटी वाढवायला पेशंटला काय द्यावं?

प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. इम्युनिटी वाढवायला काहीही देऊ नका. काढा नाही, गुळवेल नाही, अश्वगंधा नाही, आणि कुणाच्या मेव्हण्याने पाठवलेला महागडा पावडरचा डबा तर अजिबात नाही. डोनरच्या पेशी पेशंटच्या अंगाला परकं समजून कातडी, आतडी, लिव्हरवर चालून जातात तोच हा जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज), दवाखान्यातली सगळी औषधं त्या पेशींना दाबून ठेवायला चालू असतात, आणि तुम्ही त्यांनाच खुराक काय द्यायचा ते विचारताय.

राग तुमच्यावर नाही. आमच्या घरात हाच वाद अजून मिटलेला नाही.

लहान भावाला एएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सर. डोनर आमची ताई. सख्ख्या भावंडात फुल मॅच निघायचा चान्स प्रत्येकी २५ टक्के, माझा नाही निघाला, तिचा निघाला. रिपोर्ट आला तेव्हा पेढे वाटले आणि आप्पांनी, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चोपड्याकडे शेती, केळीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही हे मान्य, तर त्यांनी जाहीर करून टाकलं की सख्ख्या बहिणीचं रक्त भावाला काय करणार आहे, एवढ्या गोळ्या कशाला. फुल मॅच म्हणजे एचएलए, पेशींवरच्या ओळखीच्या मुख्य खुणा, जुळल्या, बस. बाकीची ढीगभर बारीकसारीक प्रथिनं वेगळी असतातच. त्यात डोनर बाई आणि पेशंट पुरुष असेल तर वाय क्रोमोसोमची प्रथिनं तिच्या पेशींना परकी वाटतात, आणि तिची बाळंतपणं झालेली असतील तर क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या, जीव्हीएचडीचा धोका अजून वाढतो. आमच्या ताईला दोन मुलं. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, आप्पा तेव्हा ओपीडीबाहेर चहा पीत होते.

औषधं नेहमीचीच, सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट. ही जोडी १९८६ पासूनची, अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी बसवलेली. मेथोट्रेक्सेट ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी. त्याने तोंड इतकं सोलून निघतं की थुंकी गिळवत नाही. अकराव्या दिवसाचं इंजेक्शन राहू द्या म्हणून नातेवाईक आमच्या मागे लागले होते. ते ठरवणारे आपण कोण? क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), बिलिरुबिन (लिव्हरचा) बघून डॉक्टर ठरवतील. आणि सायक्लोस्पोरिनच्या लेव्हलचं नीट समजून घ्या, रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावर उगाच डोस कमी होतो.

तर ट्रान्सप्लांटनंतरचे मुंबईतले शंभर दिवस पार पडले, होळीच्या सुमारास घरी आलो. सगळ्यांना वाटलं सुटलो. इथेच लोक फसतात, शंभर दिवस हा काही दरवाजा नाही की पलीकडे जीव्हीएचडी येत नाही. सायक्लोस्पोरिनचा डोस हळूहळू कमी करणं चालू होतं. भावाचे हात थरथरायचे, हिरड्या सुजल्या होत्या, गालावर लव आली होती, हे सगळं सायक्लोस्पोरिनचंच. त्या कॅप्सूलचं पाकीट फोडलं की एक उग्र वास येतो, आई नाकाला पदर लावायची. आप्पांना तर त्या वासावरूनच खात्री पटली की हे विष आहे. त्यांनी बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणायला सुरुवात केली, कडुनिंबावरची म्हणजे उत्तम असं त्यांचं म्हणणं, ती खलबत्त्यात ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी गाळून स्टीलच्या ग्लासात ते हिरवट फेसाळ पाणी भावाच्या हातात. मी दोनदा ग्लास मोरीत ओतला, त्यावरून आईच मला ओरडली, मोठ्या माणसाचा अपमान केला म्हणून. आप्पांचं पालुपद एकच, "पोऱ्याना आंगमां ताकदच नई शे."

मी कामावर गेलो की काय चालायचं ते मला नंतर कळलं. काढा सुरू आणि गोळी बंद, कारण गोळीने प्रतिकारशक्ती कमी होते असं भावाने स्वतः मोबाईलवर वाचलं आणि आप्पांनी त्यावर शिक्का मारला. अहो, कमी करायलाच तर देतात ती!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, झोके बांधलेले, आमरस, सांजोऱ्या, घर भरलेलं. भाऊ ओट्यावर बसून तळहात खाजवत होता. ताईनेच पाहिलं, तळहात, तळपाय आणि कानाच्या पाळ्या लालभडक, उन्हाने भाजल्यासारख्या. आप्पा म्हणाले गरमी झाली, सब्जा द्या. संध्याकाळपर्यंत जुलाब सुरू झाले, हिरवट पाण्यासारखे. मी मुंबईच्या ट्रान्सप्लांट युनिटच्या फोनवर फोटो पाठवला, तिकडून एवढंच विचारलं की गोळी चालू आहे ना, आणि त्या प्रश्नावर घरात जी शांतता पसरली त्यातच मला सगळं कळलं. रात्रीच्या गाडीने जळगावहून मुंबई. तिथे जुलाब मापाच्या भांड्यात मोजतात, मोठ्या माणसाला दिवसाला ५०० मिलीच्या वर गेले की आतड्याच्या जीव्हीएचडीची स्टेज धरायला लागतात. वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅम स्टेरॉईड सुरू झालं, भावाचं नशीब की त्याला ते लागू पडलं. ज्यांना नाही पडत त्यांच्यासाठी आता रुक्सोलिटिनिब आहे, अमेरिकेत २०१९ ला त्याला यासाठी मंजुरी मिळाली, पण त्या वाटेला जायची वेळच येऊ नये.

आप्पा आजही म्हणतात ऊन लागलं होतं. गंमत म्हणजे त्यांचं अर्धं खरं आहे, उन्हाने कातडीचा जीव्हीएचडी भडकतो, आणि आपल्या खान्देशात एप्रिल-मे म्हणजे भुसावळ-जळगाव ४५ च्या घरात. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, दुपारी घरात, हे पाळाच. पण उन्हाने गोळी बंद होत नाही, ती माणसं बंद करतात.

आता तुम्ही विचारलेलं. गोळी वेळेवर आणि पाकिटातून आयत्या वेळी काढायची, आठवड्याच्या डबीत सोलून भरून ठेवायची नाही. उलटी झाली तर दुसरा डोस स्वतःच्या मनाने द्यायचा नाही, फोन करायचा. गावातल्या डॉक्टरकडे खोकल्यासाठी गेलात तरी आधी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस (त्याच जातीचं औषध) चालू आहे हे सांगा, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीची औषधं लेव्हल वर चढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन ती खाली पाडतात. पपनस, ग्रेपफ्रूट बंद.

रक्ताचं महत्त्वाचं. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला रक्त आणि प्लेटलेट इरॅडिएट केलेलेच, म्हणजे किरणांनी पांढऱ्या पेशी निकामी केलेलेच, लागतात, नाहीतर पिशवीतल्या जिवंत पांढऱ्या पेशी पण हेच करू शकतात आणि तो प्रकार बहुतेक वेळा जीव घेतो. जवळच्या नात्यातल्याचं रक्त तर यात जास्तच धोक्याचं. आमच्याकडे चुलत-मावस भाऊ जीप भरून आले होते घरचंच रक्त घ्या म्हणून, प्रेमाने आले होते, त्यांना नाही म्हणताना जड गेलं. फिल्टर लावलाय म्हणून कुणी सांगितलं तर फिल्टर म्हणजे इरॅडिएशन नाही. तालुक्याच्या गावी ही सोय मिळेल असं धरून चालू नका, फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

जीव्हीएचडी शून्यावर का आणत नाहीत असं आप्पांनी एकदा टोमण्यात विचारलं होतं, प्रश्न वाईट नव्हता. ज्या पेशी अंगावर येतात त्याच उरलेला कॅन्सर पण खातात. १९८० च्या दशकात डोनरच्या टी पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या याच पांढऱ्या पेशी, गाळून काढून बघितल्या, जीव्हीएचडी घटला पण कॅन्सर उलटायचं आणि मॅरो न लागण्याचं प्रमाण वाढलं. हुबेहूब (आयडेंटिकल) जुळ्या भावाचा मॅरो घेतला तर जीव्हीएचडी जवळपास नाहीच, पण कॅन्सर उलटायचा धोका जास्त. त्यामुळे गोळी कधी आणि किती कमी करायची हा डॉक्टरांचा हिशोब आहे, तिथे काका-मामांचं मत चालत नाही.

हे आमच्या फुल मॅचचं झालं. तुमचा अर्धा मॅच असेल, आई-वडील किंवा मुलगा-मुलगी डोनर, तर बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतील, ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सवाल्यांची पद्धत, चिडून वाढायला लागलेल्या पेशी मरतात आणि मूळ पेशी वाचतात. २०२३ च्या एका मोठ्या ट्रायलनंतर कमी ताकदीच्या केमोवाल्या फुल मॅचमध्ये पण ती वापरायला लागलेत. काही ठिकाणी एटीजी, म्हणजे टी पेशी मारणारं औषध, देतात. अप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे मॅरो रक्त बनवणंच थांबवतो तो आजार, असेल तर गणित वेगळं, तिथे कॅन्सर मारायचा नसतो, म्हणून जीव्हीएचडीचा काहीच फायदा नाही.

आणि हो, गुळवेलीनेच झालं असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही. गोळी बंद होती हेच कारण त्यांनी धरलं. पण गुळवेलीने लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या आहेत, आणि या पेशंटचं बिलिरुबिन वाढलं की ते जीव्हीएचडीने की काढ्याने हे शोधण्यात दिवस जातात. मी डॉक्टर नाही, तुमच्या युनिटने काही वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

तुमच्या घरात पण एखादे आप्पा असणारच. त्यांना डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरसमोर बसवा, घरी येऊन तुम्ही समजावून काही होत नाही. आमच्या आप्पांना मी परवा परत म्हटलं चला फॉलोअपला, तर म्हणाले, "त्या मले काय शिकाडतीन." डोनर कोण, वय किती, रिपोर्टवर किती मॅच लिहिलंय, हे कमेंटमध्ये टाका, मग डॉक्टरांना काय काय विचारायचं ते सांगतो.