टॅटू शिकतोयस? आधी हे ऐक

गिऱ्हाईक ‘माओरी स्टाइल’ (माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) म्हणून मोबाइलवरचा फोटो पुढे करेल, तेव्हा लगेच मशीन हातात घेऊ नकोस. तो फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी चेहऱ्याचा असतो. मोकोमध्ये, म्हणजे माओरींच्या पारंपरिक गोंदणात, त्या माणसाचं घराणं, पूर्वज, टोळी कोरलेली असते. त्याची हुबेहूब नक्कल म्हणजे दुसऱ्याची वंशावळ आपल्या दंडावर मिरवणं. सुरुवातीला मीही एकदा हे करून बसलोय, आणि आपल्या कामात खोडरबर नसतं.

म्हणून बाहेरचं काही घ्यायचंच नाही, असं अजिबात नाही. ‘टॅटू’ हा शब्दच मुळात प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरच्या ‘तताउ’वरून आला. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं जहाज तिथल्या ताहिती बेटावर पोचलं, त्यानंतर तो इंग्रजीत रुळला. देवाणघेवाण नसती तर आपला धंदा आज असा नसता.

शिवाय माओरी कलाकारांनीच एक वाट मोकळी ठेवलीय: ‘किरितुही’. वळणं, रेषा त्याच घाटाच्या, पण वंशाचा दावा नाही, त्यामुळे ती माओरी नसलेल्यांनाही चालते. तीसुद्धा जमलं तर त्यांच्याकडूनच शिक. आणि माओरी नसलेल्या कुणी हनुवटीवरचं मोको कावाए मागितलं, तर सरळ नाही म्हण. गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं तर जाऊ दे.