मोबाइलवर फोटो काढून आंबा-काजूवरची कीड खरंच ओळखता येते का?

येते, पण फोटो कशाचा काढता त्यावर सगळं आहे. तुम्ही विचारलंय की देवगडकडच्या बागेत कीड ओळखणाऱ्या अ‍ॅपवर कितपत विसंबावं आणि त्यासाठी अगदी जवळून फोटो काढायची महागडी मॅक्रो लेन्स घ्यावी का. माझी रत्नागिरीजवळ हापूसची सत्तरेक कलमं आणि थोडा काजू आहे. तीन मोसम अ‍ॅप वापरतोय.

पहिल्याच वर्षी फसलो. पानांवर काजळी धरली होती. फोटो टाकला, तर ‘काळी बुरशी’ असं उत्तर आलं आणि खाली बुरशीनाशकांची नावं. ते खोटं नव्हतंच. पण ही बुरशी वाढते ती तुडतुड्यांनी टाकलेल्या चिकट गोड द्रवावर. दोन फवारण्या फुकट गेल्या, तुडतुडे मोहरात मजेत. झाडाखाली गेलं की पानांत त्यांचा चटचट आवाज येतो, तो फोटोत कुठून येणार?

आता मी मोहराखाली पांढरा कागद धरून टिचकी मारतो. पाचरीच्या आकाराचा, डोक्याकडे रुंद, चारेक मिलिमीटरचा जीव पडतो आणि तिरका पळत सुटतो. फोटो त्याचा काढायचा, तोही कागदावरच. खाऱ्या वाऱ्यात हलणाऱ्या मोहरावर फोकस बसतच नाही. शिवाय मागची गर्दी या प्रोग्रॅमना भारी पडते. २०१६ मध्ये पानांवरचे रोग ओळखण्याचा एक प्रयोग खूप गाजला होता. चोपन्न हजारांवर फोटोंवर शिकवलेलं मॉडेल त्याच संचातल्या फोटोंवर ९९ टक्के बरोबर आलं, पण बाहेरचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं.

काजूत तर आणखी गंमत. ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीने कोवळा शेंडा चोखला की काळपट डाग पडून तो वाळतो, आणि अ‍ॅप म्हणतं करपा, म्हणजे बुरशीचा रोग. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा, ढेकण्या स्वतः सापडेल. एकदा तर अ‍ॅपने पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंगीलाच कीड ठरवलं! ती चावते खरी, पण ढेकण्याला हुसकावते तीच.

फळमाशीसाठी फोनची गरजच नाही, दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा लावा. माडातल्या सोंड्या भुंग्याची अळी खोडाच्या आत असते, तिथे कॅमेरा काय करणार? अळीच्या कुरतडण्याचा आवाज टिपणारी सेन्सरं असतात, पण पाच-दहा माडांसाठी ती कोण घेणार. मी खोडाला कान लावतो.

केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली २०२४ पासून आहे, फोटोवरून कीड ओळखणारं तिचं अ‍ॅपही वापरून बघा. मात्र फवारणीआधी फोटो सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) दाखवाच. लेन्स क्लिपवाली, स्वस्तातली पुरे. फुलकिडे जेमतेम मिलिमीटरभर, त्यांच्यासाठी ती लागतेच. फोटो घरी येऊन टाका. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रेंज येते ती एकाच काजूखाली, आणि त्याच्यावर त्या लाल मुंग्यांची चार घरटी आहेत.