नवा बॉल वळतच नाही

प्रश्न : गेल्या महिन्यात टेनपिन बॉलिंगचा, म्हणजे बॉल घरंगळवून दहा पिना पाडायच्या खेळाचा, नवा बॉल घेतला, अगदी आरशासारखा चकचकीत. घराजवळच्या सेंटरमध्ये झकास वळत होता. आमची लीग दुसऱ्या सेंटरला असते. तिथे हा पठ्ठ्या सरळच निघून जातो, वळायची आठवण होते तोवर पिना आलेल्या असतात. दुसरा बॉल घ्यावा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पाकीट खिशातच राहू द्या. बॉल जिच्या मागून सोडायचा त्या फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत लेन, म्हणजे बॉलची वाट, ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर मुद्दाम लावलेलं तेल. चकचकीत बॉल त्यावरून घसरत जातो, झिजल्या टायरची स्कूटर पावसात जाते तसा. अंग जरा खरखरीत केलं की तो आधी पकड घेतो आणि वळणही गोलसर होतं.

आधी खात्री करा. बॉल परत आला की पुसायच्या आत बघा, अंगावर तेलाच्या कड्या दिसतील. घराजवळच्या सेंटरपेक्षा लीगच्या सेंटरला त्या ठळक, ओल्या असतील तर तिथे तेल जास्त आहे, दोष तुमच्या मनगटाचा नाही.

मग बॉल घासायचा २००० नंबरचा पॅड आणा. नंबर लहान तितका पॅड खरखरीत, म्हणून एकदम ५०० ला हात घालू नका. मी त्याहून मोठा शहाणपणा केला होता. गॅरेजमध्ये गंज काढायचा पॉलिश पेपर पडला होता, तोच फिरवला. त्या गुरुवारी बॉल अर्ध्या वाटेतच वळला आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्यात जीव उरला नव्हता. दुकानातल्या माणसाने मशीनवर बसवून तो पुन्हा माणसात आणला, वर दोन गोष्टी ऐकवल्या त्या वेगळ्याच.

टॉवेलची चुंबळ करून बॉल तिच्यावर ठेवा. पॅड ओला करून एका बाजूला अर्धा मिनिट गोल गोल फिरवा, मग बॉल वळवून पुढची बाजू. अशा चार बाजू, दाब सगळीकडे सारखा. (आमच्या घरी याला ‘बाबांची भांडी घासणं’ म्हणतात.) चकाकी जाईल, जीव हळहळेल. घराजवळच्या सेंटरमध्ये आता तो लवकर वळेल, तेव्हा तिथे उभं राहायची जागा बदलावी लागेल. एवढ्यानेही भागलं नाही तरच १०००.

हे सगळं घरून करून जा. लीगचा गेम सुरू झाल्यावर पॅड लावणं यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बॉलिंगचे नियम ठरवणारी संस्था) नियमात बसत नाही, कोरड्या टॉवेलने पुसणं चालतं. आणि पॅड जपून ठेवा. खेळून खेळून लेनच बॉलला पुन्हा गुळगुळीत करते.