वाचक विचारतात : प्रार्थनेचा नेम, कोरडे दिवस आणि ‘देवावर सोपवणे’

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत दिसते. श्रद्धा आहे, पण ती वाढताना दिसत नाही. त्यातली पाच पत्रे या वेळी घेतली आहेत.

रिट्रीटहून (आध्यात्मिक शिबिराहून) आल्यावर रोज तासभर प्रार्थना करायचे ठरवतो आणि तीन आठवड्यांत सुटते. असे तीनदा झाले. हॉटेलात शिफ्टची नोकरी आहे. माझा विश्वासच कमी पडतो का?
(एक वाचक, म्हापसा)

विश्वास कमी पडलेला नाही, माप चुकले आहे. रिट्रीटमध्ये जेवण समोर येते, फोन बंद असतो, दिवसाचे वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले असते. तिथला एक तास आणि रात्रपाळी उतरून आल्यानंतरचा एक तास यांची तुलनाच होत नाही.

वीस मिनिटांपासून सुरुवात करा आणि पहिले सहा आठवडे ती वाढवू नका. वाढवावीशी वाटली तरी नको. उत्साहाच्या दिवशी चाळीस मिनिटे बसणारा माणूस कंटाळ्याच्या दिवशी दहा मिनिटांत उठतो. मग नेम मनाच्या लहरीवर चालू लागतो आणि तीन आठवड्यांत तुटतो. शिफ्टवाल्यांनी वेळ घड्याळाला बांधू नये, रोजच्या एखाद्या कृतीला बांधावी. आंघोळ झाली की चहाच्या आधी, मग ती सकाळी सहाला असो वा दुपारी दोनला.

वीस मिनिटांत करायचे काय? पहिली दोन मिनिटे नुसते बसा, श्वास खाली येऊ द्या. मग बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानातल्या आठ-दहा ओव्या दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. जो शब्द किंवा जे वाक्य अडकेल तिथे थांबा, ते मनात घोळवा, आपल्या आजच्या दिवसाला ते कुठे लागते ते पाहा. मग त्याबद्दल देवाशी साध्या भाषेत बोला. शेवटची तीन-चार मिनिटे काहीही न मागता गप्प राहा. वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत सहवास हा क्रम १२व्या शतकात गिगो नावाच्या मठवासी संन्याशाने मांडला आणि आजही तो पुरतो. मार्ककृत शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. रोज दहा ओव्या वाचल्या तर ते दोन महिन्यांहून थोडे अधिक काळ चालते.

नेम मोडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिले ठिकाण फोन. फोनवरचे बायबल उघडले की वर कुणाचा तरी निरोप झळकतो, म्हणून छापील प्रत वापरा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरे ठिकाण भरपाई. एक दिवस चुकला की माणूस दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांचे कर्ज डोक्यावर घेतो, ते फिटत नाही आणि तिसऱ्या दिवशी तो बसतच नाही. चुकलेला दिवस चुकलेला, आज फक्त आजची वीस मिनिटे. तिसरे ठिकाण भटकणारे मन. ते भटकणारच. लक्षात आले की न चिडता त्या ओवीवर परत या. पंधरा वेळा परतावे लागले तर पंधरा वेळा देवाकडे वळलात, एवढाच त्याचा अर्थ.

खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती) पाहिलेल्यांना हे सांगावे लागू नये. बांध घातला म्हणून भात उगवत नाही, पण बांध फुटला तर खारे पाणी शिरून उगवलेलेही जाते. नेमाचे काम बांधाचे आहे. उगवणे वेगळे. मार्कच्या ४थ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढले ते त्यालाही कळत नाही.

चार महिने प्रार्थनेत काहीच वाटत नाही. पूर्वी डोळे भरून यायचे. मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाते, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणते, पण सगळे यंत्रासारखे. देव दूर गेला की मीच?
(एक वाचिका, फोंडा)

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. कोरडेपणाची कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी तीन कारणे सांगितली आहेत. एक, आपलाच ढिलेपणा. दोन, गोडी नसताना आपण किती टिकतो याची पारख. तीन, पूर्वीचा आनंद ही आपली कमाई नव्हती, देणगी होती हे कळावे म्हणून. पहिल्या कारणाची तपासणी आधी करा, ती सोपी आहे. गेल्या चार महिन्यांत प्रार्थनेची वेळ हळूहळू आखडली का? कुणाशी बोलणे तोडले आहे का? एखादी गोष्ट कुमसाराला (धर्मगुरूंपुढे पापांच्या कबुलीला) न्यायची टाळली जाते का? उत्तर ‘हो’ असेल तर औषध तिथेच आहे.

उत्तर ‘नाही’ असेल तर स्पेनमधले संन्यासी क्रूसाचे संत योहान यांच्या तीन खुणा लावून पाहा. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर कशातही ती नाही. आपण मागे पडतो आहोत ही टोचणी सतत आहे. आणि पूर्वीसारखे प्रसंग डोळ्यांसमोर आणून मनन करणे जमतच नाही. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर बहुधा ही पुढची पायरी आहे. आई बाळाला अंगावरून तोडते ते त्याला अन्न खाता यावे म्हणून, ही उपमा त्यांचीच. इब्री लोकांस पत्राच्या ५व्या अध्यायातही दूध आणि जड अन्न हाच फरक आहे. मात्र प्रार्थना कंटाळवाणी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ, शेजारच्या गप्पा गोड, असे असेल तर पहिली खूणच जुळत नाही. ती कोमटपणाची लक्षणे आहेत, त्यांना मोठे नाव देऊ नये.

तुमच्या पत्रातली टोचणी खरी वाटते, म्हणून पुढचे सांगतो. कोरड्या काळात जुना निर्णय बदलू नका. प्रार्थना सोडणे, गट सोडणे, घेतलेली जबाबदारी टाकणे हे आता ठरवायचे नाही. इग्नेशियस उलटे करायला सांगतात. तास ठरला असेल तर तासाहून थोडे अधिक बसा. तुमची वीस मिनिटे असतील तर बावीस. मनन जमत नसेल तर जबरदस्ती करू नका. एकच ओवी श्वासाबरोबर म्हणा आणि बसून राहा. ८८वे स्तोत्र मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते, शेवटी सांत्वनाची ओळ येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ ही मार्कच्या ९व्या अध्यायातल्या बापाची हाकसुद्धा पूर्ण प्रार्थना आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, कामात लक्ष लागत नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर धर्मगुरूंबरोबर डॉक्टरांनाही भेटा. जगणे नको वाटत असेल तर दोन आठवडे वाट पाहायची नाही, आजच कुणाला तरी सांगायचे. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. खिन्नतेचा आजार वेगळा ओळखावा हे क्रूसाच्या संत योहानांनीही १६व्या शतकात लिहून ठेवले. आजाराला विश्वासाची उणीव म्हणणे हा अन्याय आहे.

मी ५४ वर्षांचा, मधुमेही. उपवासकाळात उपवास किती करावा?
(एक वाचक, मडगाव)

कॅथलिक नियमानुसार उपवासाचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत, आणि तेही दोनच दिवस : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडेसे खाणे, दोन्ही मिळून एका जेवणाइतके होऊ नये. मांसवर्ज्य १४ वर्षांपासून. आजाऱ्यांना सूट आहे. तुम्ही इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेत असाल तर जेवण चुकवू नका. त्यात पुण्य नाही, साखर एकदम उतरण्याचा धोका आहे.

मग करायचे काय? जे सोडल्याने बोचेल आणि प्रकृतीला बाधणार नाही ते सोडा. संध्याकाळचा पेग, क्रिकेटचे सामने, जेवताना टीव्ही. वाचलेला पैसा डब्यात टाकून ईस्टरच्या आधी कुणा गरजूला द्या, कारण उपवास, प्रार्थना आणि दान ही तिन्ही मत्तयच्या ६व्या अध्यायात एकत्रच येतात. आणि आपल्या गोव्यात एक गोष्ट बोलायलाच हवी. शुक्रवारी मांसवर्ज्य म्हणून चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) टाळून इसवणाचे (सुरमईचे) तळलेले तुकडे ताटात घेतले तर नियम पाळला जातो, पण त्यागाचा उद्देश राहून जातो. रविवार वगळून मोजले की चाळीस दिवस होतात. त्या दिवसांचा भार हसतमुखाने आणि कुणाला न सांगता उचलायचा असतो.

सासूबाई रोज मिस्साला जातात, घरी येऊन सगळ्यांना टोचून बोलतात. मग त्या भक्तीचा उपयोग काय?
(एक वाचिका, वास्को)

ताई, तुमचा त्रास खरा आहे. गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आत्म्याचे फळ सांगितले आहे : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. त्यात मिस्सांची संख्या नाही. परिपक्वता देवळाच्या बाकावर नव्हे, स्वयंपाकघरात दिसते, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. पण ही मोजपट्टी सासूबाईंना लावायची परवानगी तुम्हाला किंवा आम्हाला नाही. मिस्साला गेल्या नसत्या तर त्यांची जीभ कशी असती हेही आपल्याला माहीत नाही. बोलणे सहन होत नसेल तर ते शांत वेळी, एका प्रसंगापुरते, पतीला सोबत घेऊन त्यांना सांगा.

मोजपट्टी स्वतःला लावायची रीत मात्र उपयोगी आहे. रात्री दहा मिनिटे. आधी आजच्या दोन-तीन ठोस गोष्टींसाठी आभार. मग स्वतःला नीट पाहता यावे म्हणून प्रकाश मागणे. मग सकाळपासून तासातासाने दिवस आठवणे. जिथे चुकले तिथे क्षमा मागणे. शेवटी उद्याच्या एका प्रसंगापुरता निश्चय. आभाराची पायरी गाळू नका. ती गाळली की हे आत्मपरीक्षण राहत नाही, स्वतःला झोडपणे होते.

एखादा दोष मुळापासून काढायचा असेल तर इग्नेशियस यांची जुनी युक्ती : एका वेळी एकच दोष धरा, वहीत रोजच्या दोन रेघा ओढा, दुपारी आणि रात्री जितक्या वेळा चुकले तेवढे ठिपके मांडा, आठवड्याची आठवड्याशी तुलना करा. तिरकस बोलणे हा दोष धरला तर पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतात. बिघडल्याने नव्हे, लक्ष गेल्याने. तिथे वही बंद करू नका.

मुलाचे परदेशी नोकरीचे काम दोनदा अडले. नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्या. सगळे म्हणतात देवावर सोपव. सोपवायचे म्हणजे नक्की काय करायचे? प्रयत्न थांबवायचे?
(एक वाचक, काणकोण)

थांबवायचे नाहीत. येशूने गेथशेमाने बागेत आधी स्पष्ट मागितले, हा प्याला टळू दे. मग म्हटले, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मागणेच न करता थेट दुसऱ्या वाक्यावर उडी मारणे हे समर्पण नव्हे, ती निराशा झाकणे होय. आणि मत्तयच्या शुभवर्तमानानुसार ती प्रार्थना त्याने तीनदा केली. एकदा सोपवले म्हणजे संपले असे त्यालाही झाले नाही.

एक कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. डावीकडे तुमच्या आणि मुलाच्या हातातले : कागदपत्रांतली त्रुटी दुरुस्त करणे, एजंटची नोंदणी तपासणे, इथल्या नोकरीसाठी अर्ज. प्रत्येकापुढे तारीख. उजवीकडे हातात नसलेले : निर्णय कधी येईल, काय येईल, मुलगा कुठे स्थिरावेल. डावी बाजू दिवसा करायची. उजवी बाजू रात्री एकदा मोठ्याने वाचून देवाला द्यायची आणि कागद घडी घालून बायबलात ठेवायचा. मध्यरात्री काळजी उठली तर ‘ते दिले आहे’ एवढेच म्हणा. ती पुन्हा उठेल, पुन्हा म्हणा.

हे तीन प्रकारे बिघडते. देवाच्या मनात असेल तर होईल म्हणून अर्जच न भरणे. नवसासारखा सौदा करणे, म्हणजे मी सोपवतो पण तारीख मी ठरवतो. आणि दुसऱ्याने केलेला अन्याय सोसण्याला समर्पण म्हणणे. घरात मारहाण होत असेल तर तिथून बाहेर पडून मदत घेणे हेच देवाच्या इच्छेत बसते.

बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या संत जुझे वाझ यांचे आयुष्य या प्रश्नासमोर ठेवून पाहा. १६७७ मध्ये त्यांनी स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिले. सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) पोचले ते १६८७ मध्ये. मधल्या दहा वर्षांत कानडा मुलखात सेवा, मग जुन्या गोव्यातल्या धर्मगुरूंच्या समूहाची उभारणी. सिलोनमधल्या कँडीला पोचल्यावर पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली, तर तिथेच प्रार्थनेची जागा केली. लिहून देणे एका दिवसाचे होते, जगणे १७११ पर्यंत चालले.

मुलाशी बोलताना मात्र ‘मी तुला देवावर सोपवले’ असे म्हणू नका. त्याला ते हात झटकल्यासारखे ऐकू येते. कागद त्याच्यासमोर उघडा, डाव्या बाजूच्या तारखा दोघांनी मिळून घाला आणि उजवी बाजू त्यालाच वाचू द्या.