उबुंटूचं अपडेट अर्ध्यावर अडकतं: आधी /बूट बघा, लॉकला हात लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), डिस्क एन्क्रिप्ट केलेली, दुसऱ्या डिस्कवर विंडोज. सॉफ्टवेअर अपडेटर मध्येच थांबला. टर्मिनलमध्ये 'कुड नॉट गेट लॉक' आलं, तेव्हा एका व्हिडिओत बघून तुम्ही लॉकच्या (एका वेळी एकाच प्रोग्रामला पॅकेजं बदलू देणाऱ्या कुलपाच्या) फायली उडवल्या. मग 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' (डीपीकेजी म्हणजे पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) आलं आणि त्यावरचा उपाय चालवला तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मुख्य डिस्कवर दीडशे जीबी मोकळी असताना जागा नाही कशी, आणि अधूनमधून 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' (आणखी ५ तास २० मिनिटं) का येतं, हेही विचारलंय.

पहिल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे भरलेलं /बूट (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फायलींची जागा). घड्याळाची भानगड वेगळी, ती शेवटी बघू. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय. तुम्ही त्या नेहमीप्रमाणे रोमन लहान अक्षरांत टाइप करा. डॅश, तिरकी रेघ आणि मोकळ्या जागा मात्र जशाच्या तशा ठेवा.)

उबुंटूच्या इन्स्टॉलरने डिस्क एन्क्रिप्ट केली की /बूट हे वेगळं, छोटं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र तुकडा) होतं. त्यातली जागा मर्यादितच असते. दीडशे जीबी मोकळी आहे ती मुख्य पार्टिशनवर, तिचा इथे काही उपयोग नाही. प्रत्येक कर्नलसोबत (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) /बूटमध्ये इनिटआरडी नावाची, बूट होताना लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल बसते आणि ती एकेक शंभर एमबीच्या आसपास, कधी त्याहून मोठी असते. शिवाय नवी फाइल तयार होताना ती आधी '.न्यू' अशा शेपटीने लिहिली जाते, म्हणजे तेवढ्यापुरती आणखी एका प्रतीची जागा लागते. चालू कर्नल, आधीचा कर्नल आणि नवा येऊ घातलेला, अशा तिघांची गर्दी झाली की संपलं.

तुमच्याकडे बहुधा असं झालं: पार्श्वभूमीला अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सोय) सुरक्षा अपडेटमधला नवा कर्नल बसवत होतं. त्यामुळे लॉक त्याच्याकडे होतं. त्याला /बूटमध्ये जागा मिळाली नाही आणि कर्नलचं पॅकेज अर्धवट राहिलं. पुढचे सगळे संदेश त्या अर्धवट पॅकेजचेच पडसाद आहेत.

आधी खात्री करून घ्या:

डीएफ -एच /बूट
यूनेम -आर
एलएस -एलएच /बूट

पहिली कमांड ९५-१०० टक्के भरलेलं दाखवेल. दुसरी सध्या चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक देते, तो कागदावर लिहून ठेवा. तिसरीत सगळ्या इनिटआरडी दिसतील. '.न्यू'वर संपणारी एखादी फाइल उरली असेल आणि आत्ता कुठलंही अपडेट चालू नसेल, तर ती अर्धवट प्रत आहे, खुशाल काढा.

आता नेहमीचा सल्ला 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' असा असतो. करून बघायला हरकत नाही, पण अर्धवट पॅकेज असताना एपीटी (डीपीकेजीकडून काम करून घेणारा प्रोग्राम) बऱ्याचदा आधी तेच पूर्ण करायला जातं आणि पुन्हा जागेवर अडकतं. मग लोक वैतागून /बूटमधल्या फायली आरएम करत (थेट पुसत) सुटतात. तसं केलं तर डीपीकेजीच्या वहीत (बसवलेल्या पॅकेजांच्या नोंदीत) पॅकेज तसंच राहतं आणि ग्रबच्या (सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत नसलेल्या कर्नलची नोंदही लटकत राहते. त्यापेक्षा एक जुनी इनिटआरडी तात्पुरती बाजूला हलवा. समजा चालू कर्नल ६.८.०-४५ आहे आणि जुना ६.८.०-४०, तर:

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-४०-जेनेरिक /रूट/
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज

शेवटची कमांड काय काय काढणार त्याची यादी दाखवते. तिच्यात चालू कर्नलचा क्रमांक नाही ना, हे बघूनच होकार द्या. ४० क्रमांकाचा कर्नल जाताना फाइल सापडली नाही अशी कुरकुर दिसली तर सोडून द्या, ती तर आपणच हलवली आहे. तो कर्नल निघून गेला की /रूटमधली प्रत पुसा. निघाला नाही, तर जागा झाल्यावर फाइल परत ठेवा.

जुना कर्नलच नसेल, फक्त चालू आणि अर्धवट असे दोनच असतील तर? चालू कर्नलची इनिटआरडीसुद्धा तात्पुरती हलवता येते. मशीन बूट होऊन गेल्यावर तिची गरज उरत नाही. अट एकच: ती जागेवर परत येईपर्यंत रीस्टार्ट करायचं नाही. बिनयूपीएसचा डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जायची सवय असेल, तर हा प्रयोग वेळ बघून करा.

हा त्रास दर महिन्याला नको असेल तर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ या फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट'च्या जागी 'डेप' करा आणि 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा. मग फाइलमध्ये फक्त तुमच्या हार्डवेअरला लागणारे ड्रायव्हर येतात आणि ती बरीच बारीक होते. तोटा असा की ती डिस्क उचलून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही.

आता लॉक. लॉकची फाइल कायमच जागेवर असते, कोणी वापरत नसतानाही. खरं कुलूप कर्नल त्या उघड्या फाइलवर लावतो आणि प्रक्रिया संपली की ते आपोआप सुटतं. म्हणून 'जुनं लॉक अडकून राहिलंय' ही समजूतच चुकीची आहे. फाइल उडवली की दुसरी प्रक्रिया त्याच नावाची नवी फाइल करते, तिला कुलूप लावते आणि दोघींनाही वाटतं आपण एकट्याच आहोत. मग दोघी मिळून /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस या वहीत लिहितात. तुमची वही शाबूत दिसतेय, तेव्हा सुटलात. कधी 'पार्सिंग फाइल ... स्टेटस नियर लाइन' असं आलंच, तर शेजारी स्टेटस-ओल्ड आणि /व्हार/बॅकअप्समध्ये डीपीकेजी.स्टेटस.० अशा प्रती असतात.

पुढच्या वेळी लॉकचा संदेश आला की तो पूर्ण वाचा. त्यात कंसात नाव असतं. 'अनअटेंडेड-अपग्र' असेल तर चहा करून या. 'एपीटी' किंवा 'डीपीकेजी' असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या टर्मिनलमध्ये कॉन्फिगची जुनी फाइल ठेवू की नवी, हा प्रश्न तुमच्या उत्तराची वाट बघत असतो.

घड्याळ. 'नॉट व्हॅलिड येट' म्हणजे तुमचं मशीन सर्व्हरच्या मागे आहे. संदेशातला 'आणखी ५ तास २० मिनिटं' हा आकडा साडेपाचला चिकटलेला आहे, म्हणजे भारतीय वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांतला फरक मधे आलाय. मदरबोर्डच्या घड्याळात (आरटीसी) विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी. हा वाद मिटवायला कोणी विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' टाकतं, कोणी लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावतं. दोन्ही केलं की लिनक्स नेमकं साडेपाच तास मागे पडतं. 'टाइमडेटसीटीएल' चालवा. 'आरटीसी इन लोकल टीझेड: येस' दिसलं आणि रजिस्ट्रीतला बदल तुम्ही केलेला असेल तर:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०
सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू

एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणं) चालू असलं तर नेट जोडल्यावर थोड्या वेळात वेळ सुधारते, म्हणूनच ही चूक तुम्हाला कधीकधीच दिसते. फरक तासांचा नसून वर्षांचा असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

हे सगळं झाल्यावर 'सुडो एपीटी अपडेट' चालवा आणि ओळीच्या सुरुवातीचं अक्षर बघा. 'डब्ल्यू' म्हणजे फक्त सूचना, 'ई' म्हणजे खरी चूक. अनेक 'ई' असतील तर सगळ्यात वरचीपासून सुरुवात करा. 'की लिगसी ट्रस्टेड.जीपीजीमध्ये आहे' ही 'डब्ल्यू' आहे, तिने अपडेट थांबत नाही. एखाद्या पीपीएला (तुम्ही जोडलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअर-स्रोताला) 'रिलीज फाइल नाही' असं आलं तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'च्या 'अदर सॉफ्टवेअर' टॅबमध्ये त्याची खूण काढा. आणि 'केप्ट बॅक' म्हणून चार-दोन पॅकेजं मागे राहिली तर ती ओढून आणू नका. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, तुमची पाळी आली की ती आपसूक बसतील.

पुन्हा अडकलंच तर /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉगमधला शेवटचा भाग इथे चिकटवा. स्क्रीनशॉटमध्ये नेमकी कामाची ओळ कापली जाते.